गच्ची विरुद्ध शेड: पत्रे गंजवण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2023

धातूंचे पत्रे वर्षभर हवेत ठेवून गंजाने किती झिजतात ते वजनाच्या घटीवरून मोजायचंय. सुरुवातच घोळाने. पत्रे 100 बाय 150 मिमीचे कापून घेतले, जाडी 2 मिमी, म्हटलं जाड असले की वाऱ्यात थडथडणार नाहीत. आज वजन करायला बसले तर काटा नुसता एरर दाखवतोय. हिशोब आधी करायला काय झालं होतं, 30 घन सेंटिमीटर लोखंड म्हणजे 236 ग्रॅम, आणि 0.1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा आपला काटा 220 च्या वर चढतच नाही. साध्या काट्यावर करता आलं असतं पण जस्त आणि तांब्याची वर्षभराची घट ग्रॅमच्या तिसऱ्या चौथ्या हिश्शाएवढी असते, ती त्यात दिसणार कशी. म्हणून सगळं परत, 1 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पत्रा, प्रत्येकी साधारण 118 ग्रॅम. जाड पत्रे रॅकच्या पायाखाली टेकू म्हणून वापरायचे ठरलंय.

16 फेब्रुवारी

तीन दिवस नुसतं घासकाम. 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग साबण, पाणी, ॲसिटोन, गरम हवा, आणि डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) एक रात्र. मग वजन, आणि लांबी-रुंदी-जाडी सुद्धा मोजायची, कारण शेवटी घट भागिले क्षेत्रफळ करायचंय आणि कडा धरल्या तर एका पत्र्याचं क्षेत्रफळ 300 नाही 305 चौ. सेमी होतं.

नंबर मार्करने घालायचे नाहीत, उन्हात उडतो आणि गंजाखाली तर काहीच उरत नाही. कडेला कानसीने खाचा मारल्यात, वरच्या कडेला दशक, उजव्या कडेला एकक. खूण पत्रा सडला तरी दिसली पाहिजे.

बेत असा: लोखंडाचे 9 पत्रे उघड्या गच्चीवर, 9 शेडखाली. शेड म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजू उघड्या, वारा आरपार, फक्त पाऊस लागत नाही. 3, 6 आणि 12 महिन्यांनी दोन्हीकडचे तीन तीन काढायचे. जस्त, तांबं, ॲल्युमिनियम प्रत्येकी तीन, फक्त गच्चीवर, थेट वर्षभर. समुद्र इथून दिसत नाही पण वारा तिकडून असला की चष्म्याच्या काचेवर खारट थर येतो, एवढा तो जवळ आहे.

माझा अंदाज इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर फिरवता येणार नाही: गच्चीवरचे जास्त गंजणार, शेडमधले आरामात राहणार. सर नुसते "बघू" म्हणाले.

22 फेब्रुवारी

रॅक उभा केला. 45 अंश कलता, तोंड दक्षिणेला (विषुववृत्ताच्या खाली असाल तर उत्तरेला, मुद्दा एवढाच की ऊन समोरून यावं). सगळ्यात खालचा पत्रा जमिनीपासून 75 सेमीच्या वर, नाहीतर पावसाचे शिंतोडे खालून माती उडवतात. पत्रे प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेत, रॅकच्या धातूला कुठेही टेकत नाहीत, टेकले तर दोन धातूंचा सेल तयार होतो आणि मग आपण हवामान मोजतोय की बॅटरी ते कळत नाही. दोन ओळी झाल्या, वर तांबं आणि लोखंड, खाली जस्त, ॲल्युमिनियम आणि उरलेलं लोखंड. शेडमध्ये असाच छोटा रॅक, शेजारी तापमान आणि आर्द्रतेचा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारं यंत्र.

1 मार्च

सगळे पत्रे लावले. सकाळी साडेदहा. अजून आरशासारखे चकचकीत.

4 मार्च

आरसा संपला. गच्चीवरच्या लोखंडावर बारीक पिवळट ठिपके आलेत, शेडमधले अजून बरेचसे स्वच्छ. पण 7 नंबरच्या पत्र्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, गंजाने काढलेला अंगठ्याचा ठसा आहे! म्हणजे धूसर डाग नाही, रेषा न् रेषा, मधला भोवरा, एका ठिकाणी तुटलेली रेघ, सगळं नारिंगी रंगात. घामातलं मीठ जिथे जिथे टेकलं तिथे तिथे हवेतली ओल आधी धरली गेली. आमच्यातला एकजण शपथेवर सांगत होता की ग्लोव्ह्जशिवाय हात लावलाच नाही, मग त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला आणि पत्र्याशेजारी धरला. तुटलेली रेघ सुद्धा जुळली. 7 नंबर बाद, राखीवमधला एक लावला.

खरं तर अख्खा प्रकल्प त्या अंगठ्यात आहे हे तेव्हा कळलं नाही. (ही ओळ नंतर घातली आहे.)

19 मार्च

पहाटे पावणेसहाला टॉर्च घेऊन वर गेले. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही, आणि गच्चीवरचा रॅक चक्क ठिबकतोय. पत्र्यांवर दवाचे मणी, खालच्या कडेला ओघळून लोंबलेले. शेडमधले पत्रे हाताला कोरडे. अंतर बारा पावलं.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून पाहिलं, उघडा पत्रा हवेपेक्षा 3 अंश थंड होता. रात्री आकाश निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता थेट वर फेकत राहतो आणि हवेपेक्षा थंड होतो, त्यामुळे हवा 100 टक्के दमट नसली तरी त्याच्यावर दव धरतं. शेडमधल्या पत्र्याला आकाश दिसतच नाही, वर छताचा पत्रा, दोघं एकमेकांना उबवत बसतात. म्हणजे पाऊस नसतानाही गच्ची रोज रात्री भिजतेय. माझा अंदाज बरोबर ठरणार असं दिसतंय, कारण वेगळं असलं तरी.

2 एप्रिल

वाट बघायचे दिवस, म्हणून थेंबाचा जुना प्रयोग करून पाहिला. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्सनी शंभरेक वर्षांपूर्वी केलेला. घासलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एकच मोठा थेंब, त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. लोखंड विरघळेल तिथे निळं, ऑक्सिजन वापरला जाईल तिथे अल्कली तयार होऊन गुलाबी.

पहिली काही मिनिटं थेंबभर निळे-गुलाबी ठिपके कसेही विखुरलेले, काही अर्थ लागेना. मग हळूहळू गुलाबी सगळं कडेला सरकलं आणि निळं मधे जमा झालं. कडेला पाण्याचा थर पातळ, हवा पटकन पोचते, मधे खोल, तिथे ऑक्सिजन संपला की परत यायला वेळ लागतो. जिथे ऑक्सिजन कमी तिथलं लोखंड झिजतं, हे किती वेळा वाचलंय पण डोळ्यांदेखत उलगडताना बघणं वेगळं. आणि गंज कुठे पडला तर दोघांच्या मधल्या कडीत, ना निळ्यात ना गुलाबीत. म्हणजे जिथे गंज दिसतो तिथेच लोखंड गेलेलं असतं असं नाही.

फोटो काढायच्या नादात तिसरा थेंब सांडला. तो टेबलावर अजून आहे.

3 जून

परवा 1 जूनला पहिली बॅच काढली, 92 दिवस. आज गंज उतरवला. अर्धा लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड, साडेतीन ग्रॅम हेक्झामीन, पाणी घालून एक लिटर, एका डुबकीला दहा मिनिटं. हेक्झामीन कशाला तर ॲसिडने गंज खावा आणि चांगल्या लोखंडाला कमी हात लावावा. कमी म्हणजे शून्य नाही, म्हणून डुबकी-वजन-डुबकी-वजन करत बसायचं. एका गच्चीवरच्या पत्र्याची घट पहिल्या डुबकीनंतर 3.41 ग्रॅम, मग 3.60, 3.62, 3.64. दुसऱ्या डुबकीत गंज संपला, पुढे दरवेळी जाणारे 0.02 म्हणजे कोरं लोखंड. ती रेघ मागे शून्य डुबकीपर्यंत नेली की खरी घट 3.56 निघते. हे न करता "एकदम स्वच्छ होईपर्यंत" पत्रा ॲसिडमध्ये ठेवून देणारे लोक आहेत, त्यांचे आकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो.

तीन-तीन पत्र्यांची सरासरी: गच्ची 3.6 ग्रॅम म्हणजे 15 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग तो एक मायक्रॉन, एवढी जाडी झिजली), शेड 2.4 ग्रॅम म्हणजे 10 मायक्रॉन. सरांना मेल टाकला, जरा ऐटीतच.

17 जून

ऐट उतरली, पण दुसऱ्या कारणाने. पहिला दणकून पाऊस झाल्यावर वर गेले तर जस्ताच्या तीनपैकी दोन पत्र्यांवर काळे ओघळ. वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. वरच्या ओळीत तांबं, खालच्या ओळीत जस्त. तांब्यावरून आलेलं पाणी थेंब थेंब जस्तावर. त्या पाण्यात विरघळलेलं तांबं असतं, ते जस्तावर पडलं की धातू होऊन काळ्या बारीक थराने बसतं आणि तिथल्या तिथे जस्ताशी जोडी जमवून त्यालाच खात सुटतं. एका पत्र्यावरचं पाणी दुसऱ्यावर पडू देऊ नका हे अशा चाचण्यांच्या नियमात पहिल्याच पानांवर असतं, छपराची कामं करणारे तर तांब्याच्या पन्हळीखाली जस्ताचा पत्रा कधी घालत नाहीत. मी प्लास्टिकच्या खोबणीचं कौतुक करत बसले आणि पाण्याची वाट बघितलीच नाही.

तिसरा जस्त पत्रा ओळीच्या टोकाला असल्यामुळे वाचला. सगळं हलवलं, तांबं आता सगळ्यात खाली एकटं. ॲल्युमिनियमवर वरून फक्त लोखंडाचं पाणी आलेलं, तांबूस डाग आहेत, त्यालाही वर घेतलं. जस्ताचा आकडा आता एका पत्र्यावरचा, तसंच लिहावं लागेल.

22 जुलै

हे नीट लिहून ठेवायला हवं. दोन दिवस पाऊस नाही, दुपारी ऊन. गच्चीवरचे पत्रे कोरडे ठणठणीत, गंज फिकट, हात फिरवला तर भुकटी. शेडमध्ये गेले तर तिथले पत्रे गडद, जवळजवळ चॉकलेटी, आणि टिश्यू पेपर टेकवला तर त्यावर ओला तपकिरी डाग. ज्यांना पावसाचा एक थेंब लागलेला नाही ते ओले आणि जे धो धो भिजले ते कोरडे.

लॉगरमध्ये त्या वेळी आर्द्रता 74 ते 78. आमच्याकडे ओलीचे तास मोजायची पद्धत अशी की आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर आणि तापमान शून्याच्या वर असलेले तास धरायचे. त्या हिशोबाने ही दुपार "कोरडी". पण साधं मीठ 75 टक्क्यांच्या आसपासच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते तर 33 टक्क्यांनाच. म्हणजे मीठ बसलेला पत्रा 80 ची वाट बघत नाही. हवा दोन्हीकडे तीच, लॉगरचा आकडा तोच, फरक पत्र्यावर काय बसलंय त्याचा. आणि गच्चीवरचं बसलेलं पाऊस धुवून नेतोय.

अंगठा आठवला.

3 सप्टेंबर

1 तारखेला दुसरी बॅच काढली, 184 दिवस. गच्ची 5.6 ग्रॅम, शेड 5.7. म्हणजे 23.4 आणि 23.8 मायक्रॉन, फरक नाहीच म्हणायचा. पण तीन महिन्यांपूर्वी शेड एक तृतीयांशाने मागे होता, तो आता बरोबरीला आलाय. सरांना पाठवलेला जूनचा मेल परत काढून वाचला, नको होता वाचायला.

गंज उतरवायच्या आधी एक साधी गोष्ट केली. दोन्हीकडच्या एकेका पत्र्यावरचा गंज खरवडून तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यात हलवला, गाळला, नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे मिठातलं क्लोराइड असेल तर पांढरं होतं. गच्चीवाल्या नळीत हलकं धुकं, पलीकडचं अक्षर वाचता येत होतं. शेडवाली नळी थेंब पडता क्षणी दुधासारखी पांढरी आणि पाच मिनिटांत तळाला गाळ. आकडा नाही काढला, गरजच वाटली नाही. दोन्ही नळ्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, येणारा जाणारा विचारतोय.

अजून एक, पत्रे उलटे करून बघायला आता सुरुवात केली, आधी का नाही केली माहीत नाही. गच्चीवरच्या पत्र्याची जमिनीकडची बाजू आकाशाकडच्या बाजूपेक्षा खडबडीत आणि गडद आहे. तिलाही पाऊस थेट लागत नाही, ऊनही नाही. म्हणजे प्रत्येक उघडा पत्रा आपल्या पाठीवर एक छोटी शेड घेऊन बसलाय.

15 ऑक्टोबर

धुळीबद्दल वाचताना गंजावर काम करणाऱ्या व्हर्ननचा प्रयोग सापडला. इंग्लंडमध्ये 1920 च्या दशकात त्याने लोखंडाचा एक तुकडा खोलीतल्या हवेत उघडा ठेवला आणि दुसरा मलमलच्या पिंजऱ्यात. मलमलीतून हवा, ओल, वायू सगळं आत जातं, फक्त धुळीचे कण अडतात. उघडा गंजला, मलमलीतला चकचकीत राहिला. पुढे त्यानेच दाखवलं की हवेत थोडा सल्फर डायऑक्साइड असला तर साधारण 60 टक्के आर्द्रतेपर्यंत लोखंड जवळजवळ गप्प असतं आणि त्याच्या वर गेलं की गंज एकदम उसळतो. दोन्ही एकत्र ठेवलं तर माझ्या शेडचीच गोष्ट आहे, नुसती ओल पुरत नाही आणि नुसती धूळही नाही.

26 नोव्हेंबर

विशेष काही नाही. 14 नंबरवर पक्ष्याने घाण केली, फोटो काढून नोंद केली, पुसायची नाही असा नियम. शेडच्या रॅकला कोळ्याने जाळं केलंय, तेही नियमात बसतं का माहीत नाही, पण जाळ्यावर दव अडकून पत्र्यावर ओघळतं म्हणून काढून टाकलं.

तांबं अजून तपकिरीच. भेटायला आलेला प्रत्येकजण "हिरवं कधी होणार" विचारतो. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी 1886 ला उभा राहिला तेव्हा तपकिरी होता, सगळा हिरवा व्हायला दशकं गेली, आपल्या पत्र्याला वर्षही झालं नाही. त्या पुतळ्यात खरी गंमत हिरव्या रंगात नाहीच, आत आहे. 2.4 मिमीचं तांबं आणि आतला लोखंडी सांगाडा एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावलेलं ॲस्बेस्टॉस होतं, ते कालांतराने कुजलं, पाणी शिरलं, आणि लोखंड असं फुगलं की तांब्याचे रिवेट उपटून निघाले. 1986 पर्यंत त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. माझ्या जूनच्या चुकीचा थोरला भाऊ म्हणायचा.

1 मार्च 2024

शेवटची बॅच काढली. वर्ष म्हणावं तर 366 दिवस, मधे 29 फेब्रुवारी आला, झिजेच्या सूत्रात तासच घालायचे असतात म्हणून 8784.

शेडमधला पत्रा हातात घेतला तेव्हा कोपऱ्यातून एक पापुद्रा आपोआप सुटून पडला, नखाएवढा, आतल्या बाजूने काळपट आणि ओलसर. खाली परत नारिंगी. गच्चीवरच्यांचा गंज मात्र घट्ट, टिचकी मारली तरी काही पडत नाही.

4 मार्च

आकडे.

लोखंड, गच्ची: 8.1 ग्रॅम, 34 मायक्रॉन. लोखंड, शेड: 10.3 ग्रॅम, 43 मायक्रॉन. म्हणजे पहिल्या तिमाहीत पुढे असलेली गच्ची वर्षाअखेर चांगलीच मागे पडली. 16 फेब्रुवारीच्या नोंदीतला माझा अंदाज चुकला, तो तसाच राहू दे.

आयएसओ 9223, म्हणजे हवा किती गंजवते त्याची वर्गवारी करणारं आंतरराष्ट्रीय मानक, त्याप्रमाणे पहिल्या वर्षात लोखंडाचे 25 ते 50 मायक्रॉन गेले तर ती हवा सी3, 50 ते 80 गेले तर सी4. जस्ताचा वाचलेला पत्रा 0.33 ग्रॅमने घटला, 1.5 मायक्रॉन, तोही सी3 मध्येच (0.7 ते 2.1), म्हणजे दोन धातूंची साक्ष जुळली. लोखंडाच्या बाविसाव्या हिश्शाने जस्त जातं, म्हणूनच लोखंडाला जस्ताचा पातळ थर वर्षानुवर्षं पुरतो. पण ही सगळी वर्गवारी उघड्यावरच्या पत्र्यांसाठी आहे. तो सी3 चा शिक्का वाचून कोणी छपराखालचं लोखंड त्याच हिशोबाने रंगवलं तर फसणार.

ॲल्युमिनियमचं वजन जवळजवळ हललंच नाही पण भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात. त्याला वजनाने मोजणं म्हणजे छपराची गळती छपराच्या वजनावरून शोधणं.

पुढचा हिशोबही केला. गंज वर्षागणिक सरळ रेषेत वाढत नाही, थर जमला की वेग मंदावतो, लोखंडासाठी आयएसओ 9224 मध्ये काळाचा घातांक 0.523 आहे. त्याने गच्चीची दहा वर्षांची झीज 340 नाही, साधारण 113 मायक्रॉन येते. शेडसाठी हे सूत्र वापरायची हिंमत होत नाही. वेग मंदावतो तो थर टिकला तर, माझा थर हातात सुटून आला.

11 मार्च

शेडच्या गंजाची भुकटी एक्सआरडीला (क्ष-किरणांनी खनिज ओळखायच्या चाचणीला) दिली होती, त्यात अकागनाइट हे गंजातलं खनिज निघालं, गच्चीच्या भुकटीत नाही. जपानमधल्या अकागाने खाणीवरून हे नाव पडलं, आणि हे खनिज क्लोराइड मुबलक असल्याशिवाय बनत नाही कारण क्लोराइड त्याच्या स्फटिकातच बसलेलं असतं. नळीतल्या दुधाला कागद मिळाला.

सरांशी बोलताना कॉर-टेन निघालं, 1933 पासून विकलं जाणारं ते तांबं-क्रोमियम-फॉस्फरसवालं पोलाद, ज्याचा गंजच त्याचा रंग. त्याला घट्ट थर धरायला भिजणं आणि वाळणं आलटून पालटून लागतं. सर म्हणाले, "मग आता शेडमध्ये ते लावून बघणार का?" मी म्हटलं, "नाही सर, आधी साधं लोखंडच, पण धुवून."

राखीवमधले सहा पत्रे घासून तयार आहेत. सहाही शेडमध्येच लावायचे, तीन जसेच्या तसे, तीन दर सोमवारी डिस्टिल्ड पाण्याने वरखाली दोन्ही बाजूंनी धुवायचे. जास्त भिजवलेले कमी गंजतात का एवढंच बघायचंय. स्प्रेची बाटली रॅकशेजारच्या खिळ्याला टांगली आहे, धुण्याची पाळी अंगठेवाल्याची, ग्लोव्ह्ज तिथेच ठेवलेत.